गिटारचं ‘घूं’ आणि कापलेली तिसरी पिन

म्हापसा : गेल्या महिन्यात भाच्याने व्हॉट्सॲपवर एक यादी पाठवली. एलएम ३८६ आयसी एक, आठ ओहमचा छोटा स्पीकर एक, नऊ व्होल्टची बॅटरी, दोन जॅक, एक पॉट, पाच-सहा कपॅसिटर. खाली लिहिलं होतं, ‘मामा, गिटारचा ॲम्प बनवतोय. पाठवशील?’ मी बी.कॉम. माणूस. यादी दिसली की आधी बेरीज करतो. पाचशेच्या आत बसली. ॲम्प्लिफायर पाचशे रुपयांत होतो, यावर माझा विश्वास बसेना, म्हणून शुक्रवारी म्हापशाला बाजाराच्या निमित्ताने गेलो आणि जाऊन बघून आलो. त्या दुपारी जे समजलं ते आपल्याकडच्या भजनी मंडळांपासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळ्यांच्या कामाचं आहे, म्हणून इथे लिहितो आहे.

बहीण डिचोलीत दिलेली. तिचा मुलगा म्हापशात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो आणि संध्याकाळी बाजारापासून थोड्या अंतरावरच्या एका रिपेअरिंगच्या दुकानात बसतो. दुकान आठ बाय दहाचं. जत्रांचे लाऊडस्पीकर, नाटकवाल्यांचे मिक्सर, किनारपट्टीवर वाजवणाऱ्या पोरांचे गिटार ॲम्प, सगळं तिथे येतं. दुकानदार साठीचे, बोलणं कमी. भाचा त्यांना काका म्हणतो. ॲम्प शिकायला गेलेल्या या मुलाला काकांनी पहिले दोन महिने ॲम्पला हातच लावू दिला नाही. म्हणाले, आधी गिटार उघड.

इलेक्ट्रिक गिटारच्या पोटात असतं तरी काय? फार काही नाही. तारांच्या खाली पिकअप असतो (आंबे नेणारी गाडी नव्हे). चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक अशी इनॅमल लावलेली तांब्याची तार गुंडाळलेली असते, साधारण आठ हजार वेढे. वरची स्टीलची तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि त्या वेढ्यांत वीज तयार होते. सायकलच्या डायनामोचंच तत्त्व. पण ही वीज किती? शंभर-दोनशे मिलिव्होल्ट. टॉर्चच्या एका सेलचा दहावा हिस्सादेखील कधी कधी भरत नाही.

पिकअपची वायर आधी व्हॉल्यूमच्या पॉटवर जाते, मग टोनच्या, मग जॅकवर. या पॉटच्या निवडीतही गोम आहे. एका कॉइलचा पिकअप असेल तर २५० किलोओहमचा पॉट, दोन कॉइलचा असेल तर ५०० चा. टोनच्या पॉटला एक कपॅसिटर जोडतात, त्यावर ४७३ किंवा २२३ असा आकडा असतो, म्हणजे ०.०४७ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरड. पॉट फिरवला की तो वरचे, तीक्ष्ण स्वर अर्थकडे वळवून टाकतो आणि आवाज मऊ होतो. व्हॉल्यूमला ए खुणेचा म्हणजे लॉग पॉट लागतो. भाच्याने पहिल्यांदा बी खुणेचा बसवला होता. नॉब जरा फिरवला की एकदम मोठा आवाज, आणि पुढचा सगळा फेरा वाया. आपला कान सरळ रेषेत ऐकत नाही म्हणून असं होतं. काकांनी काही न बोलता गिटार परत त्याच्यासमोर ठेवली.

डाग द्यायलाही तिथेच शिकला. आधी जोड तापवायचा, मग त्यावर कथील वितळू द्यायचं. सोल्डरगनच्या टोकावर कथील घेऊन जोडाला फासलं तर तो वरून जुळलेला दिसतो, आत सुटाच राहतो. आपल्याकडच्या पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात असे जोड पहिले दगा देतात. जून ते सप्टेंबर दुकानात येणाऱ्या निम्म्या गिटारींचं दुखणं गंजलेला जॅक आणि खरखरणारा पॉट एवढंच असतं, असं भाचा सांगत होता.

आता मूळ मुद्दा, ते ‘घूं’.

गिटार ॲम्पला लावली, वाजवायच्या आधीच स्पीकरमधून एकसुरी घूं येतं. हाताने तारा धरल्या की कमी होतं, सोडल्या की परत. ज्याने ज्याने गिटार वाजवली त्याने हे अनुभवलेलं असतं. घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होणारी. भिंतीतल्या वायरी, ट्यूबलाईट, पंखा, ट्रान्सफॉर्मर हे सगळे भोवती त्या लहरी सोडत असतात. आठ हजार वेढ्यांची कॉइल त्या झेलते. त्यातल्या काही चुंबकीय असतात. त्यावर उपाय १९५५ मध्ये गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या इंजिनियरने काढला : दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, एक उलटी गुंडाळायची, तिचा चुंबकही उलटा. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो, बाहेरचं घूं मात्र एकीत जमा आणि दुसरीत खर्च पडून शून्य होतं. हे मला लगेच कळलं, हिशोबातली कॉन्ट्रा एंट्रीच की ही! अशा पिकअपला हंबकर म्हणतात.

दुसरा भाग विद्युत क्षेत्राचा. वाजवणाऱ्याचं अंगच अँटेना बनतं आणि गिटारजवळ घूं आणून सोडतं. म्हणून गिटारच्या ब्रिजपासून एक साधी वायर आतल्या अर्थला जोडलेली असते. तारा ब्रिजवर टेकतात, तुम्ही तारा धरता, म्हणजे तुमचं अंग अर्थला लागतं आणि घूं दबतं. याची परीक्षा सोपी आहे. तारांना हात लावून आवाज कमी होत नाही, पण जॅकच्या धातूला बोट लावल्यावर होतो, तर ब्रिजची वायर सुटलेली. गिटारच्या पोकळीत आतून तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडली की आणखी फरक पडतो. दीड-दोनशे रुपये आणि एक रविवार, एवढंच काम.

पण इतकं कोण करत बसतो? आपल्याकडे सोपा उपाय रूढ आहे. ॲम्पच्या प्लगची वरची जाडी पिन, म्हणजे अर्थची, कापून टाकायची. किंवा टू-पिन ॲडॉप्टर लावायचा. घूं बरंच कमी होतं, हे खरं. भाच्याने आपल्या जुन्या सेकंडहँड ॲम्पची पिन अशीच कापली होती, गेल्या वर्षी, बँडमधल्या मोठ्या मुलाने सांगितलं म्हणून. तो ॲम्प दुकानात आणला त्या दिवशी काका पहिल्यांदा चिडले. ‘ह्याच्यावर किती कार्यक्रम केलेस?’ असं विचारलं. भाचा म्हणाला, सहा-सात. एक पावसात, मंडपाखाली, ओल्या लाकडी स्टेजवर.

धोका असा की अर्थची पिन आवाजासाठी नसतेच. ॲम्पच्या आत फेजची वायर कधी सुटून पत्र्याच्या डब्याला लागली, तर तो करंट अर्थमार्गे जमिनीत जावा आणि फ्यूज उडावा, यासाठी ती असते. पिन कापली की डब्यात २३० व्होल्ट तसेच बसून राहतात. डबा गिटारच्या केबलच्या जाळीला जोडलेला, जाळी ब्रिजला, ब्रिज तारांना, आणि तारा तुमच्या हातात. समोर माईक, तो दुसऱ्या बोर्डवरच्या साऊंड सिस्टिमला लावलेला, व्यवस्थित अर्थ असलेला. गायला म्हणून ओठ माईकला लागले की सर्किट पूर्ण, आणि ते पूर्ण होतं छातीतून. ३० मिलिअँपियरच्या वर गेलेला करंट माणसाचा जीव घेऊ शकतो. ३ मे १९७२ रोजी स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वे वेल्समधल्या स्वान्झी इथे स्टेजवर असाच गेला. अर्थ नसलेल्या माईकला हात लागला होता. यार्डबर्ड्स या प्रसिद्ध बँडचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये स्वतःच्या घरात गिटार वाजवताना गेला. तिथेही अर्थिंग नीट नव्हतं. ही माणसं नवशिकी नव्हती.

आपल्याकडे हे जास्त जपायला हवं, कारण आपले कार्यक्रम उघड्यावर असतात. म्हापशाची बोडगेश्वराची जत्रा घ्या, पेडण्यातले दशावतार घ्या, नाहीतर गावच्या गणपतीतलं नाटक. स्टेजची वीज एका बाजूला मंदिराच्या मीटरवरून, दुसरीकडे जनरेटरवरून. जनरेटरचं अर्थिंग विचारलं तर मांडववाला आपल्या तोंडाकडे बघतो. जांभ्यात सळई ठोकणं सोपं नाही हे मान्य, पण म्हणून नुसती वायर जमिनीवर टाकून दगड ठेवणं हे अर्थिंग नव्हे. आणि ३० मिलिअँपियरला तुटणारा ईएलसीबी बोर्डात असला तर तो एका क्षणात वीज तोडतो. मंडळाने वर्गणीतून आधी तो घ्यावा, मग लाईटिंगच्या माळा, असं माझं मत. कोणी ऐकेल असं नाही.

मग स्टेजवरचं घूं घालवायचं कसं? सगळे ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डवरून चालवायचे, म्हणजे दोन वेगवेगळ्या अर्थमधून फिरणारा करंट राहत नाही. गिटार मिक्सरला द्यायची असेल तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स लावायचा. त्यावर ग्राऊंड लिफ्टचं बटण असतं. ते सिग्नलच्या केबलची जाळी सोडतं, विजेच्या प्लगची पिन नव्हे. फरक जिवाचा आहे.

बॅटरीपासून सुरुवात

आता पाचशे रुपयांच्या ॲम्पचं. काकांनी तो मुद्दाम बॅटरीवरचा दिला, म्हणजे चुकलं तरी आयसी जळेल, पोरगा नाही. एलएम ३८६ हा आठ पायांचा आयसी. जवळजवळ अर्धा वॅट देतो. ऐकायला कमी वाटतं, पण खोलीत पुरेसं ऐकू येतं, शेजारच्या खोलीतही. पाय एक आणि आठ मोकळे ठेवले तर आवाज वीसपट मोठा होतो, त्यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला तर दोनशेपट, आणि गिटार फाटल्यासारखी वाजायला लागते. पोरांना तीच हवी असते. स्पीकरच्या आधी २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, नाहीतर स्पीकरमध्ये सरळ डीसी जाईल.

भाच्याने गिटार थेट आयसीला लावली तेव्हा आवाज आला, पण बोथट. कारण काकांनी त्यालाच शोधायला लावलं, तीन दिवस गेले. मला त्याने माझ्या भाषेत सांगितलं. गिटार म्हणजे लहान दुकानदार, फार उधारी देऊ शकत नाही. एलएम ३८६ च्या तोंडाशी फक्त ५० किलोओहम, म्हणजे हे गिऱ्हाईक फार उचल मागतं. मग मध्ये एक जेफेट ट्रान्झिस्टर बसवायचा, ज्याचं तोंड दहा लाख ओहमचं. तो गिटारकडून जवळजवळ काहीच घेत नाही आणि पुढे हवा तेवढा करंट देतो. जेफेट बसवला, तीक्ष्ण स्वर परत आले.

भिंतीच्या विजेवरचं काम त्यानंतर. दुरुस्त केलेला कोणताही सेट तिथे थेट प्लगला लावत नाहीत. सिरीज बोर्डमधून लावतात, म्हणजे वाटेत जुना पिवळा १०० वॅटचा बल्ब. आत शॉर्ट असेल तर बल्ब भकभकून पेटतो, सेट वाचतो. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही. काकांनी जुने बल्ब कपाटात जपून ठेवलेत, बाजारात आता शोधावे लागतात. व्हॉल्व्हच्या ॲम्पला तर भाच्याला अजून परवानगी नाही. त्यात तीनशे-चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते भरून राहतात. ते रेझिस्टर लावून उतरवायचे, मीटरने मोजायचे, मगच हात घालायचा. तोही एकच, दुसरा खिशात.

भाच्याची आई मला फोनवर विचारत होती, यात पुढे काही आहे का रे? मी तिला लिओ फेंडरचं सांगितलं. जगातल्या सर्वांत गाजलेल्या गिटारी आणि ॲम्प ज्याच्या नावाने विकले जातात तो हिशोबनीस होता, अकाउंट्स शिकलेला. १९३८ मध्ये कॅलिफोर्नियात त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. गिटार त्याला शेवटपर्यंत वाजवता आली नाही. (बी.कॉम.वाल्यांनी नोंद घ्यावी.) लंडनमध्ये १९६२ साली जिम मार्शल या ड्रमच्या दुकानदाराचा पहिला ॲम्प बनला तो फेंडरच्याच एका ॲम्पवरून, आणि तो जुळवणाऱ्यांत डडली क्रेवेन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा होता, ईएमआय कंपनीत शिकाऊ. इतकं लांब कशाला, म्हापशापासून जवळच शिवोलीत रेमो फर्नांडिसने १९८४ मध्ये ‘गोअन क्रेझी’ची कॅसेट आपल्या घरीच रेकॉर्ड केली. बहिणीचं समाधान झालं असं वाटत नाही. तिने विचारलं, पगार किती?

त्याच आठवड्यात भाच्याचा गावात कार्यक्रम होता. मीही गेलो. ॲम्पला नवी थ्री-पिन होती. वाजवायच्या आधी त्याने खिशातून मल्टिमीटर काढला, एसी व्होल्टवर ठेवला, एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरं माईकच्या जाळीला लावलं. मीटरवर ११० च्या आसपास आकडा आला. गिटारचा अर्थ ठीक होता, घोळ साऊंड सिस्टिमकडे होता. ती टू-पिनवर चालू होती. अर्थ नसला की अशा मशिनचा डबा हवेत लटकल्यासारखा राहतो आणि निम्मे व्होल्ट दाखवतो. बहुतेक वेळा नुसती झिणझिणी येते, पण आत फेज सुटलेली असली तर काय होईल ते वर लिहिलं आहे. साऊंडवाला म्हणाला, एवढं काय, दहा वर्षं असंच चालतंय. भाच्याने वाद घातला नाही. त्याने आपल्या बॅगेतून थ्री-पिनचा एक्स्टेन्शन बोर्ड काढला, साऊंडवाल्याची वायर त्याला प्लग बदलून जोडून दिली आणि दोन्ही एकाच बोर्डवर घेतले. परत मोजलं. अर्धा व्होल्टसुद्धा नव्हता. तोवर लोक ओरडायला लागले होते, आणि कार्यक्रम वीस मिनिटं उशिरा सुरू झाला.