गाडी अमेरिकेची, गाडी विलायतेची



बैल घ्यायचा म्हटले की आपण आधी जमीन बघतो. माणदेशाच्या माळावर खिलार शोभतो. अकोले-इगतपुरीच्या पावसात, भाताच्या चिखलात डांगीच टिकतो. म्हणून एक चांगला नि दुसरा वाईट असे कोणी म्हणत नाही. मोटारीचेही तसेच आहे. अमेरिका आणि इंग्लंड यांची भाषा एक, पण गाड्या वेगळ्या आणि हाकण्याच्या रीतीही वेगळ्या. त्या तशा का झाल्या ते समजून घेतले, तर आपल्यालाही त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

शेतकऱ्याच्या मुलाची गाडी

हेन्री फोर्ड हा मिशिगनमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. 1908 साली त्याने 'मॉडेल टी' गाडी काढली. अमेरिकेत गावे लांब लांब आणि रस्ते कच्चे. म्हणून ही गाडी जमिनीपासून चांगली उंच ठेवली होती; चिखलातून, चाकोरीतून ती निघे. शेतकरी तिचे मागचे चाक जॅकवर उचलत, त्याला पट्टा जोडत आणि त्यावर लाकडाची करवत किंवा पाण्याचा पंप चालवत. सुरुवातीला 850 डॉलरची गाडी पुढे 300 डॉलरच्याही खाली आली. 1927 पर्यंत दीड कोटींहून अधिक गाड्या निघाल्या. देश मोठा, पेट्रोल स्वस्त. त्यामुळे पुढे अमेरिकेच्या गाड्या लांबरुंद आणि दांडग्या इंजिनाच्या होत गेल्या.

कराने घडवलेली गाडी

इंग्लंडात रस्ते अरुंद, वळणाचे, दोन्ही बाजूंना कुंपणे. त्यात 1921 पासून गाडीवर दर अश्वशक्तीला एक पौंड असा वार्षिक कर बसला. ही अश्वशक्ती इंजिनाच्या खऱ्या ताकदीवर नव्हे, तर सिलिंडरची संख्या आणि रुंदी यांवरून धरत. फोर्डच्या मोठ्या गाडीला वीस पौंडांच्या वर कर पडे. 1922 साली आलेल्या छोट्या 'ऑस्टिन सेव्हन'ला आठ पौंडांत भागे. मग कारखानदारांनी सिलिंडर अरुंद आणि उंच केले. अंथरूण पाहून पाय पसरावे, तसाच हा प्रकार.

1956 साली सुएझ कालव्याचा तंटा झाला, पेट्रोलची टंचाई आली. त्यातून 1959 साली 'मिनी' जन्मली. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवले आणि जेमतेम दहा फुटांच्या गाडीत चार माणसे बसवली. त्याच वर्षीची अमेरिकन कॅडिलॅक जवळजवळ एकोणीस फूट लांब होती!

आपल्याकडे दोन्ही घराणी आली. अ‍ॅम्बॅसॅडर ही मूळची विलायती मॉरिस ऑक्सफर्ड. 2014 साली ती बंद झाली. जीप मूळची अमेरिकेच्या विलीज कंपनीची. कच्च्या रस्त्याच्या गावांत जीपच का रुजली, हे आता वेगळे सांगायला नको.

डावे-उजवे आणि इतर रीती

इंग्लंडात आपल्यासारखेच डावीकडून चालवतात; अमेरिकेत उजवीकडून, आणि सुकाणूचे चाक डाव्या हाताला. जुन्या अमेरिकेत चार-सहा घोड्यांच्या मालगाडीचा हाक्या मागच्या डाव्या घोड्यावर बसे, म्हणजे उजवा हात चाबकाला मोकळा राही. समोरची गाडी डावीकडून गेली की त्याला चाके नीट दिसत. ही रीत त्यातून पडली, असे सांगतात.

अमेरिकेत बहुतेक गाड्यांचे गिअर आपोआप पडतात. इंग्लंडात हाताने गिअर टाकण्याची सवय दीर्घकाळ टिकली. आपोआप गिअरच्या गाडीवर परीक्षा दिली तर तिथे परवानाही तेवढाच मिळतो. अमेरिकेत लाल दिवा असला तरी थांबून, पाहून उजवीकडे वळायला बहुतेक ठिकाणी मुभा आहे. इंग्लंडात लाल म्हणजे लाल. इंग्लंडात चौकात गोल वर्तुळ असते आणि 1966 पासून वर्तुळात असलेल्या गाडीला आधी वाट देतात. आपल्याकडेही नियम हाच आहे. पाळतो किती, ते ज्याचे त्याने पाहावे.

गॅलनसुद्धा वेगळा! विलायती गॅलन सुमारे साडेचार लिटरचा, अमेरिकन पावणेचार लिटरचा. अमेरिकेत गॅलनला 20 मैल देणारी गाडी विलायती मापाने 24 मैल देते. अमेरिकन पत्रकावरून औषध फवारणीचे प्रमाण काढतानाही हा फरक ध्यानात ठेवावा, नाहीतर द्रावण चुकेल.

हिशेब जिवांचा

2022 साली अमेरिकेत रस्त्यावर 42 हजारांवर माणसे दगावली. ब्रिटनमध्ये सुमारे 1,700. अमेरिकेची लोकसंख्या ब्रिटनच्या पाचपट, मृत्यू मात्र पंचवीसपट. अमेरिकन माणूस गाडी जास्त चालवतो हे खरे, पण तेवढ्याने हा फरक भरून निघत नाही. ब्रिटनने 1935 पासून चालकाची परीक्षा सक्तीची केली, 1983 पासून पुढच्या आसनावर पट्टा सक्तीचा केला आणि पट्टा नसणाऱ्याला दंड केला. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. काही शेतीप्रधान राज्यांत चौदाव्या-पंधराव्या वर्षीच शिकाऊ परवाना मिळतो.

यातून आपण काय घ्यावे? पोराने ट्रॅक्टर चालवला की आपल्याला कौतुक वाटते. पण परवान्यासाठी वय 18 लागते. 2019 च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उसाच्या हंगामात ट्रॉलीच्या मागे लाल चकाकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात, आणि बिघडलेली ट्रॉली रात्री रस्त्यावर तशीच सोडू नये.

आणि ज्यांची मुले अमेरिकेत आहेत, अशा आईवडिलांसाठी एक सूचना. आपल्याकडे रस्त्यात पाऊल टाकताना आधी उजवीकडे बघायची सवय असते. तिथे पहिली गाडी डावीकडून येते. आधी डावीकडे बघा, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि मगच पाऊल उचला.