चेनचं लॉक

बाबांचं एचएमटी अजून वेळ चोख दाखवतं. रोज सकाळी चावी दिली की झालं. बिघडलं होतं ते त्याच्या स्टीलच्या चेनचं लॉक. हात झटकला की झाकण उघडायचं आणि घड्याळ घसरून थेट तळहातावर यायचं. दोन दुकानांत दाखवलं. दोघांनीही लॉककडे न बघता नव्या चेनांचा ट्रे पुढे केला. पण चेन मला बदलायची नव्हती. तिच्या कड्या बाबांच्या मनगटाच्या मापाने काढलेल्या आहेत.

एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2016 मध्ये घेतला. आता या घड्याळांचं सामान बहुतेक जुन्या बाजारातच धुंडाळावं लागतं. पुण्यात कुंभारवेशीजवळ तो बुधवारी आणि रविवारी भरतो. रविवारी सकाळी तिथे एकाच्या पथारीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिसला, सुट्या बक्कलांनी आणि लॉकांनी काठोकाठ भरलेला. मी 18 मिलिमीटरचं लॉक शोधत होतो, कारण घड्याळाच्या दोन कानांमधलं अंतर तेवढं होतं. अर्धा तास त्यातच गेला. मग चेन पट्टीवर धरली तेव्हा कळलं, ती खाली निमुळती होत जाते आणि लॉकपाशी 16 च भरते. लॉकचं माप घ्यायचं ते लॉकपाशीच.

16 चं एक मिळालं. चकचकीत होतं, फक्त कडांना किंचित पिवळसर झाक होती. थोडं घासू आणि लावू, असं मनात धरून घरी आणलं.

आमच्या गल्लीतल्या घड्याळजी काकांनी डोळ्याला भिंग लावून ते पाहिलं. "याला कागद लावू नका. आत पितळ आहे, वर नुसता मुलामा. घासाल तेवढं पिवळं पडेल." मग माझं मोडकं लॉक उलटसुलट करून म्हणाले, "हे तर अस्सल स्टील आहे हो! टाकताय कशाला?"

त्यांनी चेन घड्याळापासून सोडवली आणि साबणाच्या कोमट पाण्यात टाकली. दात घासायच्या जुन्या ब्रशने घासल्यावर सांध्यांतून काजळीसारखा मळ निघाला. वर्षानुवर्षांचा घाम आणि धूळ. मळ गेल्यावर बिघाड उघडा पडला. झाकणाच्या आत दोन बारीक ओठ असतात. ते खालच्या पात्यावरची आडवी दांडी पकडतात. आमचे ओठ फाकले होते, एवढंच. काकांनी पकडीच्या जबड्याला कापड गुंडाळलं आणि ओठ अगदी केसभर आत दाबले. झाकण लावून पाहिलं. पुन्हा केसभर. तिसऱ्या वेळी 'टक्' असा आवाज आला. एकदम दाबलं असतं तर ओठ तुटला असता, आणि तो जोडता येत नाही.

झाकणावरचे चरे मी स्वतः काढले, काका शेजारी बसून होते. मूळचं झाकण आरशासारखं नव्हतंच. त्यावर लांबीच्या दिशेने बारीक रेघा होत्या, फक्त कडेच्या पट्ट्या गुळगुळीत. त्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावली. 400 नंबरचा वॉटर पेपर लाकडी पट्टीला गुंडाळून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचा, परत आणताना उचलायचा. मधेच थांबलं की तिथे डाग उमटतो. मागेपुढे घासलं तर रेघा वाकड्या होतात. मग 600. दोन खोल चरे राहिले. ते काढायला निघालो तर काकांनी हात धरला. झाकणाचा पत्रा पातळ, आणि त्यावरचा ठसा आधीच झिजलेला. ते चरे मी ठेवले, आणि मला वाटतं तेच योग्य झालं.

बफिंगच्या चाकावर दोन मिनिटांत सगळं लखलखीत झालं असतं, पण रेघा, कडा आणि ठसा तिन्ही गेले असते. तुमच्याकडे असं एखादं सैल लॉक पडलं असेल तर नवी चेन घेण्याआधी ते धुऊन, भिंगाखाली नीट पाहून घ्या, आणि कडांना पिवळी झाक दिसली तर कागद लावू नका.