वेढणी वेगळी, दागिना वेगळा

८ ऑक्टोबर २०२५ रोजी सोन्यानं औंसाला ४,००० अमेरिकी डॉलरचा टप्पा ओलांडला. भारतात दहा ग्रॅमचा भाव १ लाख २० हजारांच्या पुढे गेला. धनत्रयोदशी तोंडावर आली होती. भाव का चढला आणि अजून किती चढेल, यावर तेव्हा भरपूर लिहून-बोलून झालं. त्यात भर घालण्यापेक्षा ऑकलंड, हॅमिल्टन, वेलिंग्टनमधल्या मराठी घरांना पडणारा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. मुहूर्ताला गुंजभर का होईना, सोनं घ्यायचं, ही रीत आपण इथे सोबत आणली. पण पुण्या-सांगलीत जी खरेदी शहाणपणाची ठरायची, तीच न्यूझीलंडमध्ये केली तर पैशाचं चीज होतं का?

माझं उत्तर सरळ आहे. साठवायचं सोनं आणि अंगावर घालायचा दागिना या इथे दोन वेगळ्या खरेदी समजाव्यात. एकाच वस्तूतून दोन्ही साधायला गेलं की साठवणही होत नाही आणि हौसही भागत नाही.

हा भेद इथल्या करकायद्यातच आहे. न्यूझीलंडमध्ये २०१० पासून जीएसटी १५ टक्के आहे. पण १९८५ च्या जीएसटी कायद्यानं ‘फाइन मेटल’ नावाचा एक वर्ग बाजूला काढला आहे. सोनं किमान ९९.५ टक्के, चांदी ९९.९ टक्के आणि प्लॅटिनम ९९ टक्के शुद्ध असेल, तर गुंतवणूक म्हणून घेणाऱ्या ग्राहकाला त्यावर जीएसटी भरावा लागत नाही. बावीस कॅरेटचं सोनं ९१.६ टक्के शुद्ध. म्हणजे पाटल्या, गोठ, तोडे, मोहनमाळ हे सगळं या वर्गाबाहेर राहतं. त्यावर धातू आणि घडणावळ धरून पूर्ण किमतीवर १५ टक्के कर बसतो.

आपल्या जुन्या बायकांना हा फरक चांगला कळत होता. दसऱ्याला किंवा गुरुपुष्याला त्या घ्यायच्या ती वेढणी नाहीतर वळं. चोख सोनं, नक्षी नाही, घडणावळ अगदी किरकोळ. चार-पाच वेढण्या जमल्या की मग त्यातून एखादा दागिना घडवला जायचा. साठवण आधी, हौस नंतर. पुढे तयार दागिन्यांची झगमगती दालनं आली आणि आपण दोन्ही एकत्र करून टाकलं. हार घेतला की गुंतवणूक झाली, असं मन मानू लागलं.

इथे ते मानणं किती महाग पडतं, याचा हिशेब मांडून पाहू. चोख सोन्याचा भाव ग्रॅमला २०० न्यूझीलंड डॉलर धरू. ऑक्टोबर २०२५ मधला भाव याहून थोडा जास्त होता, पण आकडे सोपे राहतील. वीस ग्रॅमच्या बावीस कॅरेट पाटल्यांमध्ये चोख सोनं १८.३३ ग्रॅम, म्हणजे ३,६६७ डॉलरचं. घडणावळ १२ टक्के धरली तर ४४० डॉलर. बेरीज ४,१०७. त्यावर जीएसटी ६१६. पाटल्या हातात पडेपर्यंत ४,७२३ डॉलर गेले. त्याच भावानं दुसऱ्या दिवशी मोडायला नेल्या आणि घट-तूट धरून धातूच्या ९५ टक्के रक्कम मिळाली, तर हाती येतात ३,४८३ डॉलर. एका रात्रीत १,२४० डॉलर कमी. नुसती बरोबरी साधायची तरी सोन्याचा भाव ३५ टक्क्यांहून अधिक चढावा लागतो.

याच पाटल्या भारतातल्या ३ टक्के जीएसटीच्या हिशेबानं ४,२३० डॉलरला पडतात, आणि बरोबरीसाठी साधारण २१ टक्के चढ पुरतो. पण भारतातल्या भावात आयातशुल्कही मुरलेलं असतं. जुलै २०२४ मध्ये ते १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं. भारतात घेतलेला दागिना भारतातच मोडला तर हे शुल्क भावातून परत मिळतं, ऑकलंडमध्ये मोडला तर मिळत नाही. म्हणून भारतातून आणायचं ते घालण्यासाठी आणावं, इथे विकण्यासाठी नव्हे. स्वतःच्या वापराचे दागिने न्यूझीलंडच्या कस्टम्समध्ये वैयक्तिक वस्तू म्हणून धरले जातात. दुसऱ्यांसाठी आणलेल्या भेटी मात्र ७०० डॉलरच्या सवलतीत मोजल्या जातात. नणंदेसाठी किंवा मैत्रिणीसाठी दागिना आणताना हा फरक लक्षात ठेवावा.

मग चोख सोन्याची लगड किंवा नाणं घ्यावं आणि निश्चिंत व्हावं का? इथे दुसरी बाजू येते. न्यूझीलंडमध्ये सरसकट भांडवली नफ्यावर कर नाही, म्हणून सोन्यावरचा नफा करमुक्त असेल असं अनेकजण गृहीत धरतात. इनलँड रेव्हेन्यू खात्यानं २०१७ मध्ये याच प्रश्नावर खुलासा काढला. त्याचा युक्तिवाद मला फार विचार करण्यासारखा वाटतो. सोन्याची लगड ना व्याज देते, ना भाडं, ना वापराचं सुख. मग ती विकण्याशिवाय दुसऱ्या कशासाठी घेतली असेल? विकण्याच्या हेतूनं घेतलेल्या वस्तूवरचा नफा हे उत्पन्न, आणि त्यावर कर. म्हणजे चोख सोन्यावर कर शेवटी लागतो, नफा झाला तरच. दागिन्यावर तो आधीच भरलेला असतो, नफा होवो न होवो. साठवणीसाठी पहिली रीत केव्हाही बरी.

या युक्तिवादातच दागिन्याची खरी कसोटी आहे. करखातं विचारतं तेच आपण स्वतःला विचारावं. ही वस्तू मला बाळगताना काय देणार आहे? दागिन्यानं वापराचं सुख दिलं तर त्याची घडणावळ आणि कर वसूल झाला. वर्षातून एकदा, गणपतीत किंवा मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात, तीन तास गळ्यात राहून तो पुन्हा डब्यात जाणार असेल, तर त्याच्यासाठी घातलेल्या पैशाचं समर्थन करता येत नाही.

त्यात सांभाळण्याचा प्रश्न. इथल्या मोठ्या बँकांनी लॉकरची सेवा बरीचशी गुंडाळत आणली आहे. राहतात ती खासगी तिजोरीघरं, त्यांचं वार्षिक भाडं द्यायचं. घरात ठेवलं तर घरसामानाच्या विम्यात दागिन्यांना मर्यादा असते, महागडी वस्तू स्वतंत्र नोंदवून जादा हप्ता भरावा लागतो. धोकाही कल्पनेतला नाही. जून २०२४ मध्ये ऑकलंडच्या पापाटोएटोए भागात एका भारतीय सराफी दुकानावर हातोडे घेऊन दरोडा पडला आणि मालक गंभीर जखमी झाले. मोठा सेट घेताना हा कायमचा खर्च आणि काळजी किमतीत धरायला हवी.

कुणी म्हणेल, दागिना म्हणजे नुसती हौस नव्हे, तो बाईचा आधार आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. जिच्या नावावर जमीन नव्हती, बँकेत खातं नव्हतं, तिच्यासाठी गळ्यातलं आणि हातातलं सोनं हीच मालमत्ता होती. स्त्रीधनाची ती परंपरा कमी लेखण्यासारखी मुळीच नाही. पण न्यूझीलंडमध्ये तो भार सोन्यावर टाकायची गरज उरलेली नाही. १९७६ च्या ‘प्रॉपर्टी (रिलेशनशिप्स) अ‍ॅक्ट’नुसार तीन वर्षं वा अधिक टिकलेल्या संसारात जोडलेल्या मालमत्तेचे सर्वसाधारणपणे समान वाटे होतात. राहतं घर आणि नात्याच्या काळात जमलेली किवीसेव्हर या निवृत्ती-बचतीच्या खात्यातली रक्कमही त्यात येते. वारशानं आलेली वस्तू सहसा जिची तिची राहते. घरसामानाच्या व्याख्येतून तर वडिलोपार्जित ठेवी आणि माओरींचे ‘ताओंगा’, म्हणजे पिढीजात मोलाच्या वस्तू, स्पष्ट वगळल्या आहेत. म्हणून मुलीच्या सुरक्षिततेसाठी पैसे बाजूला काढायचे असतील तर ते तिच्या नावावरच्या बचतीत टाका. आणि आजीची ठुशी आली असेल तर ती मोडू नका. तिची घडणावळ केव्हाच फिटली आहे आणि तिच्यावर नवा जीएसटीही नाही. तिच्याइतका स्वस्त दागिना दुकानात मिळणार नाही.

मॉलमधल्या दुकानांचं गणित अजून वेगळं आहे. या देशाला दागिने घ्यायला ज्यांनी शिकवलं ते सर मायकेल हिल जुलै २०२५ मध्ये, ८६ व्या वर्षी गेले. काकांच्या सराफी दुकानात त्यांनी बरीच वर्षं काढली. राहतं घर आगीत जळालं, त्यानंतर त्यांनी आयुष्याची दिशा बदलली आणि १९७९ मध्ये फांगारेईत स्वतःचं दुकान काढलं. घड्याळं-भेटवस्तूंची गर्दी नाही, फक्त दागिने. मांडणी मोकळी, टीव्हीवर स्वतः येऊन नावानिशी ओळख करून देणाऱ्या जाहिराती. १९८७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, पुढे ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातही पसरली. व्हायोलिनवर प्रेम करणाऱ्या या माणसानं सराफी दुकानाची भीती घालवली, सामान्य पगारदाराला आत बोलावलं. ही मोठी गोष्ट आहे.

पण मॉलमध्ये दागिना घेताना आपण धातू विकत घेत नाही, हे उमगलेलं असावं. इथे नऊ कॅरेटचं सोनं सर्रास चालतं. त्यात चोख सोनं ३७.५ टक्के. पाच ग्रॅमच्या अंगठीत ते १.८७५ ग्रॅम, वरच्या भावानं ३७५ डॉलरचं. अंगठी १,५०० डॉलरला असेल तर तीन चतुर्थांश पैसे कारागिरी, खडे, दुकान, जाहिरात आणि कर यांचे. यात फसवणूक नाही. नऊ कॅरेट बावीसपेक्षा कठीण असतं, भांडी घासताना, जिममध्ये, बागकामात टिकतं. रोजच्या वापराची साधी अंगठी म्हणून ती उत्तम खरेदी ठरू शकते. फक्त ती घेताना ‘सोनं घेतलं’ असं समाधान मानू नये. रोजच्या छोट्या मंगळसूत्रासाठी मला अठरा कॅरेटची साखळी सगळ्यात योग्य वाटते. बावीसची नाजूक साखळी झिजते, कड्यांपाशी तुटते, आणि डागडुजीत पैसे जात राहतात.

हिऱ्यांबाबत तर गेल्या काही वर्षांत चित्रच पालटलं. डी बीअर्स या हिरेकंपनीनं २०१८ मध्ये ‘लाइटबॉक्स’ नावानं प्रयोगशाळेत वाढवलेले हिरे कॅरेटला ८०० अमेरिकी डॉलरनं विकायला काढले. पुढे भाव इतके कोसळले की मे २०२५ मध्ये तो व्यवसाय बंद करत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. हिऱ्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या जीआयए संस्थेनं ऑक्टोबर २०२५ पासून प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांना रंग आणि शुद्धतेची जुनी श्रेणी देणं थांबवलं. आता फक्त ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’. प्रयोगशाळेतला हिरा हा हिराच असतो, तीच रचना, तीच चमक. कमी पैशात सुंदर अंगठी हवी तर तो खुशाल घ्यावा, पण विकून काही येईल ही आशा सोडून. खाणीतला हिरा विकायला गेलं तरी दुकानातल्या किमतीच्या बरंच खाली मिळतं. म्हणून खाणीतलाच हवा असेल तर वेब्ज, डनबार स्लोन, कॉर्डीज यांसारख्या लिलावघरांत जुने दागिने पाहावेत. लिलावघराचं कमिशन धरूनही पहिल्या मालकानं सोसलेली घट आपल्याला सोसावी लागत नाही.

आता जिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ती वस्तू, पौनामू. दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, होकिटिकाजवळच्या अराहुरा नदीच्या खोऱ्यात मिळणारा हा हिरवा दगड. १९९७ च्या कायद्यानं न्गाई ताहू जमातीच्या प्रदेशातला सारा नैसर्गिक पौनामू त्या जमातीच्या मालकीचा झाला. त्यात कावाकावा, काहुरांगी, इनांगा अशा जाती. तो मोडीत काढता येत नाही, वितळवता येत नाही, त्याचा रोजचा भाव वर्तमानपत्रात छापून येत नाही. तरी इथल्या घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. तो स्वतःसाठी घेण्यापेक्षा दुसऱ्याला द्यावा, अशी इथली जुनी समजूत आहे.

गळ्यातल्या वस्तूचं मोल तिच्या मोडीच्या किमतीत नसून कुणी कुणाला दिली यात असू शकतं, हा विचार सोन्यात वाढलेल्या आपल्या मनाला नवा आहे, आणि आपण तो मनापासून घ्यावा असं मला वाटतं. मात्र पर्यटकांच्या दुकानांत कॅनडा, रशिया, चीनमधून आलेला जेडही मिळतो. न्गाई ताहूचं प्रमाणपत्र असलेल्या नगाला स्वतःचा क्रमांक असतो आणि त्यावरून दगड कुठला, घडवणारा कोण हे कळतं. थोडे जास्त पैसे पडले तरी तोच घ्यावा. इथे जन्मलेल्या नातवंडाला एखादी वस्तू द्यायची झाली, तर ग्रॅमभर सोन्याच्या अंगठीपेक्षा मी प्रमाणित पौनामू सुचवेन.

शेवटी एक मागणी. भारतात आता एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकी ओळखक्रमांक असलेल्या हॉलमार्कशिवाय बहुतेक सोन्याचे दागिने विकता येत नाहीत. न्यूझीलंडमध्ये अशी सक्तीची हॉलमार्किंगची व्यवस्था नाही. दागिन्यावरचा शिक्का घडवणाऱ्याचा असतो. तो खोटा निघाला तर १९८६ चा ‘फेअर ट्रेडिंग अ‍ॅक्ट’ आहे, पण तो नंतरचा इलाज. म्हणून धनत्रयोदशीला दुकानात एकच हट्ट धरा. बिलावर निव्वळ वजन, कॅरेट, त्या दिवसाचा भाव, घडणावळ, खड्यांची किंमत आणि जीएसटी या सहा गोष्टी वेगवेगळ्या लिहून मागा, आणि मोडीला किती टक्के परत मिळतील तेही लेखी घ्या. जो सराफ हे आनंदानं लिहून देईल त्याच्याकडे पुन्हा जा. जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून काहीही घेऊ नका, दागिना कितीही मनात भरलेला असला तरी. दहा गिऱ्हाइकांनी असं बिल मागितलं तर अकराव्याला ते न मागता मिळेल. आपल्या मराठी मंडळांनी सभासदांना हे एवढं जरी शिकवलं, तरी कष्टाचे पुष्कळ डॉलर वाचतील.