राहिलेल्या घरांची मोजदाद

आमच्या दारावर सरकारची पहिली खूण खडूने उमटली, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. पोलिओचे थेंब पाजून बाईंनी चौकटीवर इंग्रजी ‘पी’ लिहिला. शेजारची लेकरे आईबापांबरोबर मजुरीवर गेलेली. त्या दारावर ‘एक्स’ पडला. दुसऱ्या दिवशी बाई त्या ‘एक्स’साठी पुन्हा आल्या. गावकुसाबाहेरच्या घरासाठी कोणी दोनदा यावे, हे आम्ही प्रथमच पाहत होतो.

ही खूण साधी नव्हती. १९८८ पासून जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, रोटरी आणि अनेक देशांची सरकारे पोलिओ निर्मूलनासाठी एकत्र आली होती. भारतात पल्स पोलिओ १९९५ साली सुरू झाला. जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. हे यश खरे आहे. ते नाकारण्याचे कारण नाही.

परंतु त्याच वस्तीत माझ्या आईची बाळंतपणे कंदिलाच्या उजेडात झाली. तापाने फणफणलेल्या पोरासाठी कोणी दारावर खूण केली नाही. १९७८ साली अल्मा-आटा येथे १३४ देशांनी प्राथमिक आरोग्याची जी व्याख्या स्वीकारली, तीत लसीबरोबर शुद्ध पाणी, पोषण, मातासंगोपन आणि आवश्यक औषधे होती. आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणे हा लोकांचा हक्क मानला होता. पुढच्याच वर्षी ‘निवडक’ प्राथमिक आरोग्याचा विचार पुढे आला. थोडे रोग निवडावेत, स्वस्त उपाय करावेत, आकडे मोजावेत. देणाऱ्यांना तो सोयीचा वाटला.

मूल्यमापनाचा प्रश्न येथे उभा राहतो. किती डोस दिले, किती कर्मचारी प्रशिक्षित झाले, किती निधी खर्च झाला, एवढे मोजून सरासरी काढली जाते. पण आपल्याकडे गाव एक नसते. गावाची सरासरी वस्तीची उपेक्षा झाकून टाकते. नव्वद टक्के काम झाले म्हणताना उरलेले दहा टक्के कोण, हे विचारले जात नाही. बहुधा ते आपणच असतो!

लोकांनी मात्र हे विचारले. उत्तर प्रदेश-बिहारमध्ये वारंवार थेंब घेऊन येणाऱ्यांना लोक म्हणू लागले, पोलिओसाठी येता, मग पाणी आणि औषधासाठी का येत नाही? २००९ साली तेथील १०७ अतिजोखमीच्या तालुक्यांत पोलिओच्या जोडीला स्वच्छता, अतिसारावरील उपचार आणि स्तनपान यांवर काम करण्याची योजना आखावी लागली. हाच खरा अभिप्राय होता. तो अहवालातून नव्हे, दारातून आला.

म्हणून अशा कार्यक्रमांची परीक्षा तीन प्रश्नांनी व्हावी, असे मला वाटते. राहिलेली घरे कोणाची? निर्णय घेताना त्या घरांतले कोण हजर होते? परदेशी निधी संपल्यावर उपकेंद्र उघडे राहिले का?

‘पी’ मोजणे सोपे असते. ज्या यंत्रणेने एका रोगासाठी ‘एक्स’ची वही ठेवली, तिला ती बाळंतिणीसाठीही ठेवता येईल. प्रश्न खडूचा नाही, इच्छेचा आहे.