उपाहारगृहातील अपेक्षाभंग : पाहुणा आणि गिऱ्हाईक

रविवारी रात्री शहरातील एखाद्या मध्यम प्रतीच्या उपाहारगृहात जेवावयास गेलेल्या गृहस्थाची कल्पना करावी. सोबत सासुरवाडीची मंडळी आहेत. अर्धा तास बाहेर तिष्ठल्यावर टेबल मिळते. मागविलेल्या तीन भाज्या नावाने निरनिराळ्या, पण चवीला एकसारख्या निघतात. रोटी येते ती भाजी निवल्यावर. शेवटी बिलात न मागितलेले दहा टक्के सेवाशुल्क जोडलेले आढळते. तेवढ्यात वाढपी विचारतो, "जेवण कसं होतं, साहेब?" गृहस्थ उत्तर देतो, "छान होतं." पैसे चुकते होतात, बडीशेप तोंडात टाकली जाते, आणि रिक्षात बसल्यावर ठरते की पुन्हा येथे यावयाचे नाही. उपाहारगृहाच्या मालकाला यातील काहीही कळत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय वाईट जेवण हा नसून "छान होतं" हे उत्तर आहे. वस्तू सदोष निघाल्यास कापडाच्या किंवा भांड्यांच्या दुकानात हुज्जत घालणारा मनुष्य उपाहारगृहात गप्प का बसतो, आणि त्या मौनाची किंमत कोण देतो, हा प्रश्न वाणिज्य, समाजशास्त्र व विधी या तिन्ही शास्त्रांच्या सीमेवर येतो. म्हणूनच त्याचा स्वतंत्र विचार इष्ट ठरतो.

अपेक्षेचे स्वरूप

ग्राहकाची निराशा ही केवळ पदार्थाच्या गुणावर अवलंबून नसते. रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० साली मांडलेल्या उपपत्तीनुसार समाधान किंवा असमाधान हे आधी बाळगलेली अपेक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव यांच्या तुलनेतून निर्माण होते. रस्त्यावरील गाडीवर कागदात मिळालेला वडापाव मनुष्य आनंदाने खातो. तोच वडा चिनी मातीच्या बशीत, चौपट दराने आणि थंड स्थितीत पुढे आला, तर त्याला फसवणूक झाल्यासारखे वाटते. वडा फारसा बदललेला नसतो, अपेक्षा बदललेली असते.

ही अपेक्षा तपासून पाहण्याचे साधन ग्राहकाजवळ आधी नसते. फिलिप नेल्सन यांनी १९७० साली वस्तूंचे दोन वर्ग कल्पिले. काही वस्तूंचा गुण खरेदीपूर्वी पारखता येतो, तर काहींचा उपभोगानंतरच कळतो. १९७३ साली मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी तिसरा वर्ग जोडला. त्यातील वस्तूंचा गुण उपभोगानंतरही सामान्य ग्राहकास कळत नाही, केवळ विश्वासावर मानावा लागतो. उपाहारगृहातील एकाच ताटात हे तिन्ही वर्ग एकत्र येतात. दर आणि बैठकीची स्वच्छता आधी दिसते. चव खाल्ल्यावर कळते. तेल कितव्यांदा तापविले आहे, किंवा पनीर दुधाचेच आहे की वनस्पती तेलापासून केलेला त्याच्यासारखा पदार्थ आहे, हे जेवून उठल्यावरही कळत नाही. ग्राहक ज्याला निराशा म्हणतो ती बहुधा दुसऱ्या वर्गातील असते; त्याचे खरे नुकसान पुष्कळदा तिसऱ्या वर्गात असते.

पाकगृहातील कारणे

निराशेची काही कारणे मालकाच्या लबाडीत नसून पाकगृहाच्या रचनेत असतात. पंजाबी पद्धतीचे पदार्थ देणाऱ्या बहुतेक उपाहारगृहांत प्रत्येक भाजी प्रारंभापासून शिजविली जात नाही. कांदा-टोमॅटोची लाल, काजू व मगज यांची पांढरी, कांद्याची पिवळसर आणि पालकाची हिरवी अशा तीन-चार ग्रेव्ह्या आधीच करून ठेविलेल्या असतात. मागणी आल्यावर आचारी त्यांपैकी एक किंवा दोन कढईत घेतो, मसाला व मुख्य जिन्नस घालतो, आणि काही मिनिटांत भाजी सिद्ध होते. या पद्धतीवाचून शे-दीडशे नावांची यादी वीस मिनिटांत पुरी करणे अशक्य आहे. म्हणून यादी जितकी लांब, तितका दोन पदार्थांतील वास्तविक भेद कमी. यादीतील नावे शंभर प्रकारच्या चवींचे आश्वासन देतात, आणि पाकगृह चार रश्श्यांचे मिश्रण पुरविते. 'व्हेज कोल्हापुरी' या नावावरून तर तिखटपणापलीकडे काहीच निश्चित कळत नाही, कारण त्या नावाखाली काय द्यावे याविषयी दोन उपाहारगृहांचेही एकमत नसते.

विलंबाचेही असेच आहे. भाजी एका चुलीवर होते, रोटी तंदुरात, आणि दोन ठिकाणची कामे दोन माणसांकडे असतात. रविवारी रात्री साडेआठच्या सुमारास सर्व टेबलांच्या मागण्या एकदम येतात. कढया वाढविता येतात, तंदूर मात्र एकच असतो. परिणामी भाजी आधी येऊन निवते आणि रोटी मागाहून येते. वाढप्याला हे ठाऊक असते, पण त्याच्या हाती उपाय नसतो. येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तक्रार ज्याच्या कानी पडते त्याला अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार आहे त्याच्या कानी ती पडत नाही. ग्राहक रागावलाच तर तो वाढप्यावर रागावतो, आणि पाकगृहाच्या रचनेतील दोषाची शिक्षा सर्वांत कमी वेतनाच्या माणसास होते.

मौनाची मीमांसा

आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असमाधानी ग्राहकापुढील दोन मार्ग सांगितले आहेत : सोडून जाणे आणि बोलून दाखविणे. या दोहोंत निवड करताना निष्ठेचा प्रभाव पडतो. ज्याला संस्थेविषयी आपुलकी असते तो सोडण्यापूर्वी बोलतो. या दृष्टीने पाहता आरंभीचा गृहस्थ निःशब्दपणे सोडून जाणारा आहे. पण त्याने बोलण्याचा मार्ग का टाळला, याचे उत्तर केवळ निष्ठेच्या अभावाने मिळत नाही.

त्याचे मुख्य कारण असे की, उपाहारगृहात शिरणारा मनुष्य एकाच वेळी दोन भूमिका घेतो. पैसे देणारा या नात्याने तो गिऱ्हाईक असतो; पंगतीस बसलेला या नात्याने पाहुणा असतो. मराठी घरांत लहानपणापासून शिकविले जाते की अन्नाला नावे ठेवू नयेत, पानात टाकू नये, वाढणाऱ्याचा अवमान करू नये. घरगुती पंगतीत हा शिष्टाचार योग्यच आहे, कारण तेथे अन्न ही देणगी असते. उपाहारगृहात अन्न विकत घेतलेले असते, तरी तोच शिष्टाचार अंगवळणी पडल्यामुळे पाठोपाठ येतो. शिवाय सासुरवाडीच्या मंडळींसमोर तो गृहस्थ स्वतःच यजमान असतो. भाजी वाईट आहे असे म्हणणे म्हणजे जागेची निवड चुकली असे कबूल करणे होय. तक्रारीने रोटी गरम मिळेल, पण संध्याकाळ निवेल, असा त्याचा हिशेब असतो, आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येत नाही.

मालकाकडेही या दोन भूमिका असतात, पण सोयीनुसार बदलत्या. स्वागत करताना तो यजमान असतो, दर आकारताना विक्रेता. अपेक्षाभंग नेमका या सांध्यात घडतो. ग्राहक आदरातिथ्याच्या मापाने मोजतो, मालक विक्रीच्या मापाने, आणि जेवणानंतर दोघेही आपापल्या मापाने व्यवहार पुरा झाला असे समजतात.

कायद्याची द्विधा

हे द्वैत केवळ सामाजिक नाही. भारतीय कायदाही त्यात दीर्घकाळ अडकलेला दिसतो. १९७८ साली नॉर्दर्न इंडिया केटरर्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, उपाहारगृहात बसून घेतलेले जेवण ही करपात्र विक्री नव्हे. तेथे अन्नाबरोबर आसने, टेबलावरील वस्त्रे, भांडी, क्वचित संगीतही पुरविले जाते, आणि अन्न हे त्या सेवेचा एक भाग असते. राज्यांचे विक्रीकराचे उत्पन्न यामुळे धोक्यात आले. १९८२ च्या शेहेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६६ मध्ये २९-अ हा खंड घालून अन्नाचा असा पुरवठा विक्री मानावा असे ठरविले. पुढे २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर त्याच जेवणास कायद्याने पुन्हा सेवेच्या वर्गात घातले. त्याच वर्षी १२ डिसेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निर्णय दिला. उपाहारगृहात दिलेल्या पाण्याच्या बाटलीस छापील कमाल किमतीचे बंधन लागू नाही, कारण तेथे येणारा मनुष्य केवळ पाणी विकत घेण्यास येत नाही, असे त्याचे सूत्र होते.

सेवाशुल्काचा वाद हा याच द्वैताचा पुढचा टप्पा होय. जेवण ही सेवाच असेल, तर सेवेचे मूल्य पदार्थाच्या दरात आलेलेच आहे. मग वेगळे शुल्क कशासाठी? आणि ते आदरातिथ्याबद्दलचे कृतज्ञतादर्शक द्रव्य असेल, तर ते सक्तीचे कसे असू शकेल? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून बिलात आपोआप सेवाशुल्क जोडण्यास मनाई केली. व्यावसायिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि त्याच महिन्यात सूचनांस स्थगिती मिळाली. २८ मार्च २०२५ रोजी एकसदस्यीय पीठाने याचिका फेटाळून सूचना वैध ठरविल्या; स्वेच्छेने बक्षिसी देण्यास मात्र आडकाठी ठेविली नाही. या निर्णयाविरुद्ध संघटनांनी द्विसदस्यीय पीठाकडे अपील केले.

ग्राहकास दाद मागण्याची सोय नाही असे म्हणता येणार नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा सेवेतील त्रुटीबद्दल तक्रार करू देतो, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहारात जिल्हा आयोगाकडे शुल्कही भरावे लागत नाही. तथापि कायद्याला पकडता येते ते मोजता येणारे : जादा आकारणी, अन्नात सापडलेली परकी वस्तू, विषबाधा. निवलेली भाजी, उद्धट उत्तर, एकसारखी चव यांचे माप आयोगाजवळ नाही. सामान्य निराशा बहुतांशी याच दुसऱ्या प्रकारची असते, आणि तिच्यावर कायद्याचा उपाय नाही.

खानावळीचे उदाहरण

मग उपाय कोठे शोधावा? महाराष्ट्रातील एक जुनी संस्था या संदर्भात अभ्यसनीय आहे, ती म्हणजे खानावळ. मुंबईच्या गिरणगावात कुटुंब गावी ठेवून आलेले असंख्य कामगार महिनेवारीने खानावळीत जेवत, आणि त्यांपैकी पुष्कळ खानावळी स्त्रिया आपल्या राहत्या खोल्यांत चालवीत. अशाच स्त्रियांना कर्ज व संघटन यांचा आधार मिळावा म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले. खानावळीतील व्यवहार ठरीव असतो : दर महिन्याचा, पदार्थ मोजके, न जेवलेल्या दिवसांचा खाडा धरावयाचा. यादी लांब नसल्यामुळे नावांचे आश्वासन मोठे नसते आणि अपेक्षाभंगही बेताचा राहतो. त्याहून महत्त्वाचे असे की, जेवणारा उद्या पुन्हा येणार असतो आणि वाढणारी बहुधा मालकीणच असते. म्हणून "आज आमटी पाणचट आहे" हे वाक्य तेथे सहज उच्चारले जाते, योग्य कानी पडते, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा परिणाम दिसू शकतो.

खानावळीचे गुणगान करणे हा येथे हेतू नाही. तेथेही आमटी महिनोन्महिने पाणचट राहू शकते, आणि उधारी थकलेल्या मनुष्यास तक्रारीचे तोंड उरत नाही. परंतु तिची रचना एक तत्त्व स्पष्ट करते. तक्रार होण्यास धैर्यापेक्षा तीन गोष्टींची अधिक गरज असते : आश्वासन मोजके व स्पष्ट असावे, तक्रार ऐकणाऱ्यास अधिकार असावा, आणि बोलल्यानंतर सुधारण्यास वेळ उरलेला असावा. गल्ल्यावर मालक स्वतः बसतो अशा लहान उपाहारगृहांत यांपैकी दोन तरी अटी पुऱ्या होतात. मोठ्या उपाहारगृहात शेवटी विचारलेल्या "कसं होतं?" या प्रश्नाने एकही होत नाही, कारण तो प्रश्न जेवण संपल्यावर, अधिकार नसलेल्याकडून, चारचौघांत येतो. अलीकडे फोनवरून तारे देऊन ग्राहक आपला राग व्यक्त करतो. पण ती वाणी दुसऱ्या दिवशी परक्या लोकांपुढे प्रकट होते. तोवर गार रोटी गरम करण्याची वेळ निघून गेलेली असते.

मौनाची किंमत दोघेही देतात. ग्राहक पैसे देऊन अतृप्त उठतो. मालकाला दोष न कळता गिऱ्हाईक तुटते, आणि चांगला व वाईट मालक यांत भेद करणारी खूण बाजारातून नाहीशी होते. पहिला घास घेतल्यानंतर दोन मिनिटांनी "काही गरम करून आणू का?" असे विचारण्याची मुभा वाढप्याला मिळाली, आणि ताट बदलण्याचा अधिकारही त्यालाच असला, तर पाहुण्याला शिष्टाचार न मोडता गिऱ्हाईक होता येईल. मग "छान होतं" या शब्दांना पुन्हा काही अर्थ उरेल.