घटपर्णीला खत घालू नका!

बागेची हौस असलेले लोक कधी कधी घटपर्णीचे रोप मोठ्या कौतुकाने घरी आणतात आणि दोन-तीन महिन्यांत ते मरते. रोपाची हयगय झालेली असते असे नाही. उलट गुलाबाला घालतात तसे चांगले कुजलेले शेणखत त्याला घातलेले असते, कसदार मातीत लावून रोज नळाचे पाणी दिलेले असते. मग ते मेले कशाने? या लाडानेच!

हे कोडे उलगडायचे तर घटपर्णीचे माहेर पाहिले पाहिजे. भारतात घटपर्णीची एकच जात रानात आढळते. तिचे शास्त्रीय नाव नेपेंथिस खासियाना. मेघालयातील खासी, जयंतिया आणि गारो टेकड्यांवर ती वाढते. गारो लोक तिला ‘मेमांग कोक्सी’, म्हणजे भुताची टोपली म्हणतात. या भागात पाऊस इतका कोसळतो, की मातीतील नत्राचे क्षार त्याबरोबर वाहून जातात. नत्रावाचून प्रथिने बनत नाहीत आणि प्रथिनांवाचून वाढ होत नाही. जमिनीत नत्र नाही, म्हणून या वनस्पतीने तो कीटकांच्या शरीरातून मिळवण्याची युक्ती साधली आहे.

घटाची करामत

घट म्हणजे फूल नव्हे; तो पानाचाच भाग आहे. पानाच्या टोकातून दोऱ्यासारखा ताणा निघतो आणि त्याच्या शेंड्याला झाकणासह घट तयार होतो. घटाच्या काठाशी मध पाझरतो. त्याच्या लोभाने मुंगी येते. काठ ओला असला की त्यावर पाण्याचा पातळ थर पसरतो आणि मुंगीचा पाय घसरतो. आतली भिंत मेणचट असल्यामुळे तिला वर चढता येत नाही. तळाशी आम्लधर्मी पाचक रस असतो. त्यातील विकरे तिच्या शरीरातील प्रथिनांचे पचन करतात.

इंग्लंडमधील क्यू उद्यानाचे संचालक जोसेफ हूकर यांनी घटांत अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे तुकडे टाकून पाहिले होते. एका दिवसात त्या तुकड्यांच्या कडा विरू लागल्या! हे प्रयोग त्यांनी 1874 साली बेलफास्ट येथील सभेत सांगितले.

आता खताकडे वळू. घटपर्णीची मुळे बारीक आणि नाजूक असतात. मातीतील पाण्यात क्षार फार झाले, की मुळांना पाणी शोषता येत नाही, उलट मुळांतलेच पाणी बाहेर ओढले जाते. नळाच्या किंवा विहिरीच्या जड पाण्यातील क्षारही हळूहळू कुंडीत साठून असाच अपाय करतात. शिवाय आयता नत्र मिळाला, तर घट हवेत कशाला? अमेरिकेतील सारासेनिया नावाच्या घटधारी वनस्पतीला जादा नत्र दिला, तेव्हा तिला घटांऐवजी साधी चपटी पाने अधिक येऊ लागली, असे 2002 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

निगा कशी राखावी?

कुंडीत माती मुळीच घालू नका. सुके स्फॅग्नम शेवाळ, चांगले धुतलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि परलाइट किंवा लोणारी कोळशाचे खडे यांचे मिश्रण करा. पाणी पावसाचे साठवलेले किंवा ऊर्ध्वपातित असावे. मिश्रण ओलसर राहावे. पण तळाशी पाणी तुंबू देऊ नका. झाडाखालची गाळीव उन्हाची जागा उत्तम. हवा कोरडी असली तर पाने येतात, पण ताण्याच्या टोकाला घट धरत नाही. म्हणून कोकणात ही वनस्पती सहज रमते. देशावर मात्र उन्हाळ्यात आजूबाजूला पाणी शिंपडून दमटपणा राखावा लागतो. घटात मांसाचे तुकडे टाकू नका. ते कुजतात आणि घटही कुजतो. मुंग्या आपण होऊन येतात.

रोप मात्र रोपवाटिकेत वाढवलेल्या संकरित जातीचेच घ्या. खासी घटपर्णी आज संकटात आहे. खाणी, जंगलतोड आणि विक्रीसाठी होणारी उपटाउपट यांमुळे ती कमी झाली आहे. भारतात तिला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. गारो टेकड्यांतील बाघमारा येथे तिच्यासाठी खास अभयारण्यही राखले आहे.

आपल्याकडे साताऱ्याजवळच्या कास पठारावरील दवबिंदू आणि सीतेची आसवे याही कीटकभक्षी वनस्पतीच. जांभ्या खडकावरच्या निकस, पातळ मातीतच त्या फुलतात. त्या पाहाव्यात, उपटू नयेत.

तुमच्या घटपर्णीचा एखादा जुना घट तपकिरी होऊन वाळला, की तो उभा चिरा आणि भिंगातून पाहा. मुंग्यांची डोकी, पंख, पाय असे न पचलेले कठीण अवशेष तळाशी दिसतील. ते मोजून वहीत नोंदवा. तुम्ही न घातलेल्या खताचा हिशेब तुम्हाला तेथे मिळेल!