विजेची एस्. टी. आणि वस्तीची गाडी

सुधारणा शहरांत जन्मते आणि तिची परीक्षा खेड्यांत होते, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर पहिली एस्. टी. धांवली, त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजीं ‘शिवाई’ ही विजेवर चालणारी गाडी निघाली. पुढील वर्षीं अशा ५,१५० गाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचें महामंडळानें ठरविलें. चीनमधील शेंझेन शहरानें तर २०१७ अखेर आपल्या सोळा हजारांहून अधिक बसगाड्या विजेवर आणल्या. आतां प्रश्न असा कीं, देवरुखासारख्या तालुक्याच्या गांवीं हें वाहन कितपत उपयोगी पडेल?

या गाडीचा एक गुण आमच्या डोंगराळ मुलखास फार सोयीचा आहे. आंबा घाट उतरतांना डिझेलच्या गाडीची बरीच शक्ति ब्रेक तापविण्यांत व्यर्थ जाते. विजेच्या गाडींत मात्र उतारावर चाकेंच मोटरीला फिरवितात, मोटर वीज निर्माण करते आणि ती बॅटरींत सांठते. चढणीवर खर्चिलेलें सारेंच परत मिळत नाहीं, पण कांहीं भाग खास मिळतो.

तथापि गाडीमागें धूर दिसला नाहीं म्हणजे धूर झालाच नाहीं, असें मानणें भोळेपणाचें होय. कोळशाची वीज वापरली तर धूर चंद्रपूरच्या धुराड्यांतून निघतो, इतकेंच. आमच्याच जिल्ह्यांत पोफळीस कोयनेच्या पाण्यावर वीज होते. परंतु तीही राज्याच्या जाळ्यांत मिसळून जाते. पाणी, ऊन व वारा यांचा वांटा जसजसा वाढेल, तसतशी ही गाडी खरोखर निर्धूर होईल.

खरी अडचण निराळीच आहे. शहरांतील बस रात्रीं आगारांत परतते व तेथें तिला निवांतपणें वीज भरतां येते. आमची वस्तीची गाडी सायंकाळीं निघून आडवळणाच्या गांवीं मुक्काम करते आणि सकाळीं विद्यार्थ्यांना व दवाखान्यास निघालेल्या वृद्धांना घेऊन येते. तेथें वीज भरण्याची सोय नसते. पावसाळ्यांत झाड पडून तार तुटली, तर वीजच नसते. या सबबीवर वस्ती बंद झाली, तर जिचें शिक्षण त्या एका गाडीवर अवलंबून आहे, त्या मुलीला धुराचा हिशेब सांगून काय उपयोग?

उपाय अशक्य नाहीं. ‘शिवाई’चा जाहीर पल्ला सुमारें २५० किलोमीटरांचा आहे, तालुक्यांतील फेऱ्या त्या मानानें लहान. दुपारीं आगारांत पुरती भरलेली गाडी वस्ती करून सकाळीं सुखरूप परत येऊं शकेल. मात्र त्यासाठीं आगारास भरवशाची स्वतंत्र वीजवाहिनी हवी, अरुंद वळणांवर वळेल अशी लहान बांध्याची गाडी हवी आणि पावसाळ्यापुरत्या कांहीं डिझेलच्या गाड्या हाताशीं हव्यात.

नव्या गाडीचें स्वागत आपण अवश्य करूं. पण हार घालण्यापूर्वीं ग्रामसभेंत एवढें विचारून ठेवूं कीं, आमची वस्तीची गाडी राहणार ना?